मी मेलो, पण मारलं त्यानं

मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, गावावरून

प्रिय बंड्या,

हे सारं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधातच हसतोस आणि मला जे बोलायचं असते ते तसंच राहून जाते. म्हणून कागद घेतला. धान कापून झालं, भारे शेतातल्या बांधीतच पडून आहेत, वरून आभाळ आलं आहे आणि मजूर मंडईतल्या रात्रीच्या नाटकाच्या जागरणानं झोपलेले. म्हणजे आज काम काहीच नाही आणि जिवाला घोर मात्र आहे. पत्र लिहायला याच्याहून बरी वेळ कोणती?

ताई दिवाळीआधीच आली, भाचा सोबत. नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आता तो. त्याचा तो गेमचा लॅपटॉप तू पाहिला नसशील. उचलायला दोन हात लागतात आणि सुरू झाला की पिठाच्या चक्कीसारखा घरघरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचा एक गेम संपला. साठ तास खेळला म्हणे तो गेम. दुसऱ्या दिवशी पोरगा जेवेना. अनरसे समोर ठेवले तरी हात लावेना. मायनं दोनदा पाहिलं आणि मला मागच्या दारी नेऊन हळूच विचारलं, "काहून रे, त्याच्या कॉलेजातलं कोणी गेलं का?"

मी त्याला विचारलं. तर म्हणे, "आर्थर गेला, मामा."

आता हा आर्थर कोण, ते ऐक. रेड डेड रिडम्प्शन २, २०१८ सालचा गेम. काळ १८९९ चा, अमेरिकेतली दरोडेखोरांची एक टोळी, तिच्यातला हा आर्थर मॉर्गन. घोडा, बंदूक, टोपी, सगळं आहे. पण मरतो कशानं? टीबीनं. गोळीनं मेला असता तर भाच्यानं अनरसे खाल्ले असते असं मला वाटते. टीबीचं त्याला सहन झालं नाही. कारण साठ तासांत त्यानं शिकलेलं काहीच तिथं कामाचं नव्हतं. नेम कितीही चांगला असला तरी खोकल्यावर काय नेम धरशील? औषध कुठं मिळते म्हणून त्यानं नकाशा पालथा घातला, इंटरनेटवर शोधलं. नाहीच. मी त्याला म्हटलं, अरे, कॉख नावाच्या डॉक्टरनं टीबीचा जंतू शोधला १८८२ मध्ये, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. तुझा आर्थर मधातच सापडला, तो काय करणार? गेममधला डॉक्टरही एवढंच सांगतो की आराम कर आणि कुठंतरी गरम, कोरड्या हवेत जा. (म्हणजे मे महिन्यात ब्रह्मपुरीला. टीबी राहील की नाही माहीत नाही, माणूस मात्र राहणार नाही.)

मायचं तर वेगळंच. ती चूल सारवता सारवता दोन दिवस त्या खोकल्याचा आवाज ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्याले सरकारी दवाखान्यात ने म्हणा. सहा महिने गोळ्या, फुकट. तुह्या बापाले नाही का दिल्या?"

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. मी त्याच्या मागं खाटेवर पडून चार दिवस तो खेळताना ऐकत होतो. पाहण्यापेक्षा ऐकतच होतो. एक गोष्ट कानात अडकली. गोळी लागून पडला की म्हणायचा, "मेलो बे!" शर्यत जिंकली की, "जिंकलो!" आणि एखाद्या गरिबाला लुटायचा प्रसंग आला, कोणाला बदडायचं आलं, की ताईनं दारातून विचारावं, "काय करून राहिला रे?" आणि यानं म्हणावं, "मी नाही, आर्थर मारून राहिला त्याला." बटण याच्याच अंगठ्याखाली! मरताना मी, जिंकताना मी, आणि पाप आलं की तो.

आपलं काय होतं, आठव. बसस्टँडमागची ती टपरी, दोन रुपयांत पंधरा मिनिटं, डब्याएवढा टीव्ही, आणि ९९९९ गेम छापलेली कॅसेट, जिच्यात खरे गेम पाच-सातच होते, बाकी नावं बदलून तेच. कॉन्ट्रा गेममधल्या त्या दोघांना बिल आणि लान्स अशी नावं होती हे मला परवा कळलं. आपल्याला ते निळा आणि लाल एवढेच माहीत होते. ना घर, ना कहाणी, ना चेहरा धड दिसायचा. तरी निळ्याला गोळी लागली की "मी मेलो" असंच तोंडातून निघायचं. "निळा मेला" असं कधी म्हटल्याचं आठवते का तुला? मारिओ खड्ड्यावरून उडी मारायचा तेव्हा मी बाकावरून अर्धा उचलला जायचो, रिमोट हवेत. टपरीवाला ओरडायचा, "वायर तुटंल ना बे, भैताडा!"

म्हणून मला वाटते, कहाणीनं जीव लागतो हे अर्धंच खरं. जीव आधी अंगठ्याला लागतो. ज्याला घेऊन शंभरदा पडलो तो आपला होतो, मग त्याला नाव असो की नसो. आर्थरला तर वरून कहाणीही चांगली होती, मग पोरगा अनरसे कसे खाईल?

आणि तुझा तो धबधबा! कॉन्ट्राची तिसरी स्टेज. वर चढणारा जसा चढेल तसा पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मेला. तू माकडासारखा वर, मी खाली. किती जीव गेले माझे तुझ्यापायी! आणि तू म्हणायचा, "मी थोडी मारलं, स्क्रीननं मारलं." पाहा, तुझंही तेच. भाच्याला कशाला हसू?

तीस जिवांची ती युक्ती मात्र लाज वाटली म्हणून वापरली नाही असं आपलं कधी झालं नाही. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दहावीचं प्रमेय विसरलो, हे नाही. हे कोणी केलं ते वाचून मला फार बरं वाटलं. काझुहिसा हाशिमोतो नावाचा जपानी माणूस, कोनामी कंपनीतला. १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा गेम घरच्या मशीनवर आणायचं काम त्याच्याकडे होतं. तपासायला तो गेम शेवटपर्यंत खेळावा लागायचा आणि त्याला स्वतःला तो जमेना. म्हणून त्यानं ही बटणं बसवली, ती तशीच आत राहिली, मग कॉन्ट्रात आली. बनवणाऱ्यालाच झेपत नव्हतं, बंड्या, आणि आपण दोघं तीस जीव घेऊन चोरासारखे इकडंतिकडं पाहत बसायचो. २०२० मध्ये वारला तो.

भाच्याच्या पिढीला ही युक्ती पटत नाही. त्याच्याजवळ सेकिरो म्हणून आणखी एक गेम आहे, २०१९ चा. त्यात सोपं-कठीण निवडायची सोयच ठेवली नाही. एका सरदारापुढं तो दोन संध्याकाळी मेला. मी मोजायचं सोडून दिलं. पण त्या गेमात एक भारी गोष्ट आहे. तिथं नायक मरून पुन्हा उठू शकतो, आणि तू असा फार वेळा मेला तर गावातल्या ओळखीच्या माणसांना खोकला लागतो. तुला नाही, त्यांना. वाटेत भेटलेली एक म्हातारी खोकायला लागते, तुझ्या मरण्यापायी. भाचा त्या म्हातारीपुढून जाताना आवाज बंद करायचा. औषध आहे तिथं, देता येते, कोणी मरत नाही. तरी आवाज बंद करायचा. हरण्याचं त्याला काही नव्हतं, दुसऱ्यावर पडते त्याचंच होतं. आपल्याकडं नापिकी झाली तर खोकला कोणाला लागतो, हे काय तुला सांगू?

काल मंडईत नाटक होतं, वडशाची कंपनी. तू असता तर दोघं मागं उभं राहून पाहिलं असतं. खलनायक अंगठा घेऊन जमीन लाटतो, नेहमीचंच. पण नट जबरा होता. माझ्या मागची एक म्हातारी दोन अंक त्याला शिव्या देत होती, "वाटोळं होईन याचं, वाटोळं!" आणि सकाळी तोच नट चहाच्या टपरीवर, डोळ्यातलं काजळ अर्धं पुसलेला, आणि तीच म्हातारी त्याला विचारत होती, "बाबू, झोपला का रे तू? जेवला का?" मला तिथं भाच्यानं सांगितलेलं आठवलं. द लास्ट ऑफ अस म्हणून गेम आहे, २०१३ चा. त्यात जोएल नावाच्या बाप्याला घेऊन लोक खेळले. २०२० मध्ये दुसरा भाग आला. त्यात अ‍ॅबी नावाची बाई जोएलला मारते आणि पुढं खेळणाऱ्याला त्या अ‍ॅबीलाच घेऊन खेळावं लागते. लोक इतके चिडले की अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या बाईला जिवे मारायच्या धमक्या आल्या. अभिनय केला फक्त तिनं! आमच्या म्हातारीला जे कळते ते त्यांना कळू नये? पण मग वाटलं, म्हातारी दोन अंक बाकावर बसून होती. ते लोक आधी जोएल होऊन बसले होते. त्यांच्या लेखी जोएल मेलाच नाही, तेच मेले. माफी नाही देत मी त्यांना, पण गाठ कुठं आहे ते दिसते.

आता खरं ते लिहितो. इथपर्यंत येता येता तीन पानं खर्ची घातली.

भाच्यानं मला बसवलं खेळायला. "मामा, तुम्ही सुरुवातीपासून खेळा." पहिल्यांदा बर्फ, मग डोंगर उतरून हिरवं रान. घोड्यावर बसायला शिकलो, पडलो, "मेलो बे" म्हणालो. तिसऱ्या रात्री एक काम आलं. त्या टोळीत स्ट्राउस नावाचा एक जण व्याजानं पैसे देतो, आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. डाउन्स नावाचा एक शेतकरी. आजारी आहे, कुंपणाशी काम करून राहिला. पैसे नाहीत म्हणतो. पडद्यावर बटण येते, मार म्हणून. तो खोकतो आणि रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. टीबी इथं लागते त्याला, बंड्या. वसुलीत.

माझा अंगठा उचलेना. भाच्याला वाटलं मामाला बटण सापडलं नाही. "गोल, मामा, गोल. दाबा, त्याशिवाय पुढं जात नाही." खरंच जात नाही. इतर बऱ्याच ठिकाणी तो गेम तुला विचारतो की भला होशील की बुरा. इथं विचारत नाही.

मी फायनान्सच्या वसुलीत होतो ते आठ महिने तुला माहीत आहेत. सोडलं तेव्हा तुला सांगितलं होतं की पेट्रोलचा भत्ता देत नाहीत म्हणून सोडलं. तसं नव्हतं. एका गावात गाडी उचलायला गेलो होतो. तीन हप्ते थकलेले. माझ्यासोबत आणखी दोघं होते, दांडगे. पण वेळच आली नाही दांडगाईची. त्या माणसानं स्वतः पडवीतून गाडी बाहेर काढली, खांद्यावरच्या शेल्यानं सीट पुसली, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पेट्रोल हाय त्यात. ब्रह्मपुरीलोक पुरंल तुमाले."

मी ती गाडी चालवत आणली. पुरलं पेट्रोल.

घरी मी काय सांगितलं असेल? "कंपनीनं गाडी उचलली." मी नाही उचलली, कंपनीनं. आणि त्या महिन्यात टार्गेट पुरं झालं तेव्हा जेवताना मायला म्हणालो, "मी पुरं केलं." भाच्याच्या तोंडून जे चार दिवस ऐकलं ना, ते मी त्याच्याआधी बोलून बसलो होतो. गेममध्ये पुढं अशीच वसुलीची कामं पुन्हा येतात, आणि तेव्हा आर्थरला कर्ज सोडून देता येते. शेवटी तो त्या स्ट्राउसलाच टोळीतून हाकलतो. पण पहिलं काम करावंच लागते. मी गोल दाबला. दोनदा की तीनदा, आठवत नाही. मग लॅपटॉप भाच्याकडं सरकवला आणि बांधीवर पाणी पाहून येतो म्हणालो. कापलेल्या धानाच्या बांधीत कसलं पाणी? पोरगा काही बोलला नाही. हुशार आहे.

तो माणूस मला अजून बाजारात भेटतो. ओळख देतो. सायकलवर असतो. मी काय बोलावं ते मला जमत नाही, तो मात्र धानाचा भाव विचारतो.

तू हे वाचून लगेच फोन करू नको. आलास की बोलू. आभाळ उघडलं तर या आठवड्यात भारे खळ्यावर येतील, पुंजणे रचले की मी मोकळा. ताई पौर्णिमेपर्यंत आहे. भाच्यानं लॅपटॉपवर जुना कॉन्ट्रा टाकला आहे, पण रिमोट एकच. येताना नागपूरच्या सीताबर्डीवरून यूएसबीचा एक घेऊन ये, साधाच आण, महागाचा नको. छोट्या लाईनची गाडी २०१९ पासूनच बंद आहे हे विसरून पुन्हा स्टेशनवर जाऊन बसू नको, बसनं ये. मायनं पोपटाच्या शेंगा तुझ्यासाठी राखून ठेवायच्या ठरवल्या आहेत.

आणि निळा मी घेणार. तू लाल.

तुझा,
बापू