‘स्वतःची लॅब टाका’ ही अर्धवट माहिती

महोदय,

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘डीएमएलटी (म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करा, स्वतःची लॅब टाका’ अशा जाहिराती झळकू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर 2017 मध्येच स्पष्ट केले आहे, की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच, तंत्रज्ञाने नव्हे. प्रवेश देताना हे मुलांना कोणी सांगत नाही. पोराला ते कळते तेव्हा बापाने फीसाठी काढलेले कर्ज डोक्यावर असते, याची मला फार चीड येते.

माझी सारी नोकरी रक्तपेढीत आणि हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत गेली. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी रक्ताची मागणी येते, तेव्हा गट तपासायचा, क्रॉसमॅच लावायचा (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का ते पाहायचे), नळी हलकेच हलवून गुठळ्या दिसतात का ते निरखायचे, हे सगळे तंत्रज्ञच करतो. तिथे चुकीला माफी नाही. तो तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोम या कापणी-यंत्रावर चार-पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती सुरकुती न पडता कापणे, ती कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलणे, हा हात बसायला वर्षे लागतात. कॅन्सरचे निदान त्याच काचेवर होते. असे हात असलेली माणसे आजही शोधावी लागतात.

क्षयरोगाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे आल्यापासून (ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यातच बनते) अशा मॉलिक्युलर तपासण्या शिकलेल्यांचीही गरज आहे. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन हवे असलेल्या लॅबना आयएसओ 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक नीट समजणारा क्वालिटी मॅनेजर लागतो. यंत्रे विकणाऱ्या कंपन्या प्रशिक्षण देण्यासाठी अनुभवी तंत्रज्ञच घेतात.

पगाराचे दुखणे आहेच. छोट्या खासगी लॅबमध्ये पदवीधर आणि नुसते रक्त काढायला शिकलेला मुलगा यांना एकाच मापाने मोजतात. केंद्राने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात आमचा व्यवसाय आहे. पण किमान वेतन आणि बढतीची शिडी ठरल्याशिवाय त्याचा उपयोग काय?

आपल्या करिअर पुरवणीत हे सारे प्रवेश सुरू होण्याआधी छापावे. अभ्यासक्रमाला आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा सरकारी मंडळाची मान्यता आहे का, पुढे पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हे दोन प्रश्न फी भरण्याआधी विचारा, एवढे तरी ठळक चौकटीत द्यावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा