तक्रार: मंडपात इंटरनेट नसतं

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतल्या स्टेजबॉक्सचं ‘ए’ सॉकेट बदलून न मिळाल्याबाबत

महोदय,

नमस्कार-चमत्कार राहू द्या. आज सकाळी तुमच्या माणसाशी माझं सहावं बोलणं झालं. फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

मी अमळनेर तालुक्यातला साउंडवाला. २२ वर्षं जाड मल्टिकोर ओढला, म्हणजे प्रत्येक माइकची वेगळी तार एकत्र बांधलेली केबल. त्याचं बंडल उचलायला दोन माणसं लागतात आणि एक तार तुटली की रात्रभर सोल्डरिंग. म्हणून मागच्या दिवाळीला कर्ज काढून तुमचा डिजिटल मिक्सर आणि स्टेजवरचे १६ माइक ज्यात खोचतात तो स्टेजबॉक्स घेतला. दोघांमधल्या एका बारीक केबलवरून जाताना ४८ चॅनल, येताना ४८. केबलही तुमचीच घेतली, ५० मीटरचा ड्रम, शिल्डेड (तारांभोवती धातूचं वेष्टण), दोन्ही टोकांना धातूच्या टोपीचे कनेक्टर. बिल सोबत जोडलंय. केबल तुमचीच आहे हे ध्यानात ठेवा, कारण तुमच्या ऑफिसात ते कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

हनुमान जयंतीला सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन. दोन तासांत ११ वेळा आवाज गेला. कुरकुर नाही, शिट्टी नाही, एकदम शांत. दोन-तीन सेकंदांनी परत चालू. महाराज हात वर करून थांबले, टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले, आणि मागून एक म्हातारबाबा ओरडले, “आवाज कथा गया रे भो?” (कुठे गेला?) हजार माणसं हसली. त्या हसण्याचं बिल मी तुम्हाला लावू शकत नाही.

दोष मी शोधलाय. केबल बदलून १० मीटरची लावली (तीही तुमचीच), तरी तेच. मिक्सरकडचं टोक दुसऱ्या सॉकेटात घातलं, तरी तेच. ही केबल स्टेजबॉक्सला जिथे खोचते त्या ‘ए’ सॉकेटला बोट लावून जरा हलवलं की सिंकचा, म्हणजे मिक्सरशी मेळ दाखवणारा, हिरवा दिवा लाल होतो. मल्टिमीटर लावला तर सॉकेटची धातूची चौकट आणि बॉक्सची बॉडी यांच्यातली कंटिन्युइटी (विजेची सलग जोडणी) येते-जाते. म्हणजे शिल्डचं अर्थिंग तिथेच सुटतंय. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क, मंडपात प्लास्टिकचं हिरवं मॅटिंग. त्यावरून चालत येऊन कोणी स्टँडला हात लावला की स्टॅटिकचा चटका बसतो. शिल्ड दोन्हीकडे पक्की असेल तर तो बॉडीतून निघून जातो. नसेल तर क्लॉक, म्हणजे मिक्सर आणि बॉक्सला एका ठेक्यात ठेवणारा सिग्नल, तुटतं, आणि क्लॉक तुटलं की सगळे चॅनल एकदम मुके. हे मी तुमच्याच पुस्तिकेत वाचलंय. तुमच्याकडे कोणी वाचलंय का?

आता आज सकाळचा तो फोन. पहिल्या मुलाने विचारलं, “सर, आपके यहाँ नेट का स्पीड कितना है?” मी म्हटलं, मंडपात नेट नाही. तो म्हणाला, “फिर नेटवर्क ऑडिओ कैसे चलेगा सर?” मी त्याला समजावलं की सॉकेट कॉम्प्युटरच्या लॅनसारखं दिसतं, पण आत जातं ते एईएस ५०, आवाज बॉक्समधून सरळ बॉक्सात नेणारी पद्धत. केबलमधल्या तारांच्या दोन जोड्यांवर आवाजाचा डेटा आणि उरलेल्या दोन जोड्यांवर क्लॉक. तो म्हणाला राउटर बंद करून चालू करा. मी म्हटलं राउटरच नाही. मग म्हणाला मध्ये एक ऑफिसचा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा) लावून बघा. अहो, या जातीचा सिग्नल साध्या स्विचमधून जातच नाही, सरळ बॉक्स ते बॉक्सच लागतो! डान्टे, म्हणजे खरोखर नेटवर्कवरून आवाज नेणारी पद्धत, असतं तर स्विच लावला असता, गिगाबिटचा, आणि त्यातली वीज वाचवायची सोय बंद करून लावला असता. पण तुम्ही विकलंय एईएस ५० आणि सल्ला देताय दुसऱ्याच घरचा.

मग फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, बंद करायला सांगितली. पखवाजाचे दोन्ही माइक कंडेन्सर आहेत, त्या विजेशिवाय न चालणारे. ४८ व्होल्ट काढले की आवाज मध्येच जाणार नाही हे मात्र खरं, कारण तो येणारच नाही.

शेवटी साहेब लाइनवर आले, मराठी बोलणारे. मला बरं वाटलं. ते म्हणाले, “दादा, केबल आमचीच आहे ना? खेड्यात लोक लोकल आणतात.” मी बिल नंबर वाचून दाखवला. “बरं, तिथे कोणी टेक्निकल माणूस आहे का? त्याच्याकडे फोन द्या.” मी म्हटलं, मीच आहे. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “नाही, म्हणजे शिकलेला.”

मी आयटीआय केलंय, रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. माइकच्या एक्सएलआर कनेक्टरची एक नंबर पिन अर्थ, दोन हॉट, तीन कोल्ड, हे मी झोपेत सांगतो. माझ्याकडे काम करणारी दोन्ही पोरं दहावीपर्यंत शिकलेली, पण मंडपात नेट शोधत नाहीत. तुमच्या साहेबांना मी काहीच बोललो नाही, ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

हे लिहीत असतानाच दुपारी मेसेज आला: तक्रार बंद, कारण ‘ग्राहकाकडील अप्रमाणित केबल’. केबल तुमची आहे. दोन्ही केबल तुमच्याच आहेत.

मी घाई करणारा माणूस नाही, पण अखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आहे आणि त्यानंतर लग्नाच्या तारखा सुरू. आठ दिवसांत माणूस पाठवून सॉकेट बदलून द्या, नाहीतर बॉक्स बदलून द्या. बॉक्स कुरिअरने पाठवा असं म्हणू नका, मागे पाठवलेला दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा बॉक्स दीड महिना तुमच्याकडेच होता. नाही झालं तर जळगावच्या ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. वस्तू धंद्यासाठी घेतली म्हणून हा ग्राहकच नाही, असं तुमचा वकील म्हणेल. त्याला सांगा, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी’ धरत नाहीत, कायद्यातच लिहिलंय. तेही मी वाचलंय. शिकलेला नसूनही.

वाईट याचं वाटतं की तुमचा माल वाईट नाही. आवाज स्वच्छ आहे. माझं बघून आणखी दोघांनी तुमचाच मिक्सर घेतला. त्यांना आता काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

आपला,
एक साउंडवाला, ता. अमळनेर, जि. जळगाव

ता.क. परवा एका हळदीला जुना मल्टिकोर घेऊन जातोय. तो उचलायला दोन माणसं जास्तीची लागतील. त्यांच्या मजुरीची पावती याच पत्त्यावर पाठवतो.