फर्निचर उलटं करून बघा आणि लाकडाचं नाव बिलावर लिहून घ्या

संपादक महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव सगळीकडे हॉलांत आणि मैदानांवर फर्निचरचे सेल लागतात. 'प्युअर सागवान', 'लाइफटाइम गॅरंटी' असे मोठे बॅनर असतात आणि घरी पाहुणे यायचेत म्हणून लोक घाईघाईत खाट, सोफा, कपाट उचलतात. सेल संपला की विकणारा गेला. मग पुढच्या पावसात कपाटाचं दार लागत नाही, ड्रॉवर अडकतात, खाटेच्या पायाशी पिठासारखी बारीक भुकटी पडायला लागते, आणि भांडायला जावं तर बिलच नसतं, असलंच तर त्यावर नुसतं 'बेड 1 नग' एवढंच. आमच्या वाड्यावर हे इतक्या घरांत बघितलंय की राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, पॉलिशकडे बघून लाकूड ठरवू नका. सागवानी रंग कुठल्याही लाकडाला देता येतो, रबरवूडला (रबराच्या झाडाच्या लाकडाला) देतात, अकेशियाला (बाभळीच्या जातीच्या झाडाला) देतात. वजनावरूनही काही कळत नाही, कारण रबरवूड सागवानाएवढंच जड भरतं. त्यापेक्षा टेबल सरळ उलटं करा, खाटेच्या फळ्या उचला, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघा, तिथे बहुतेक वेळा पॉलिश मारलेलं नसतं त्यामुळे खरं काय आहे ते तिथेच दिसतं. फळीचं टोक बघा. अख्खं लाकूड असेल तर वरच्या रेघा टोकाकडे जाऊन तिथे झाडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात, विनियर असेल तर वर लाकडाचा कागदाएवढा पातळ थर आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते. स्क्रूच्या भोकात वाकून बघा, दाबलेला भुसा दिसला तर ते एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, मग वर कितीही सुंदर रेघा असू देत. असा बोर्ड आपल्या ओल्या लादीवर ठेवला की खालून फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही, बिजागरीचे स्क्रूही सुटतात.

सागवान खरं असलं तरी त्यात पांढरट पट्टे किती आहेत ते बघा. तो सालीकडचा भाग, भुंगा आणि वाळवी आधी तिथेच लागते, टिकतो तो आतला सोनेरी-तपकिरी गाभा. पॉलिशवाले हे पांढरे पट्टे रंगवून लपवतात, म्हणून पुन्हा तेच, मागून बघा. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली ताजी भुकटी दिसली तर ती वस्तू घरी आणूच नका, घरातल्या बाकीच्या लाकडालाही भुंगा लागू शकतो.

आणि सगळं सागवानच पाहिजे असंही नाही हो! फणसाचं लाकूड आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात, छान टिकतं. अकेशियाही मजबूत आहे, फक्त ते अकेशिया म्हणून आणि अकेशियाच्या भावात विकावं एवढंच म्हणणं आहे.

आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे लाकूड नीट सुकवलेलं आहे की नाही हा प्रश्न गोव्यात सगळ्यात मोठा. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही. म्हणून तर जुन्या घरांच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, तिला हलायला जागा ठेवलेली असते. आता ती चारी बाजूंनी फेविकॉलने घट्ट चिकटवतात आणि मग मे महिन्यात मधोमध तडा जातो. लाकूड ओलं आहे का हे मीटर लावून कळतं, चांगल्या मेस्ताकडे (सुताराकडे) किंवा लाकडाच्या वखारीत विचारा, 12 ते 15 टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, 20 च्या वर असेल तर ते कच्चं लाकूड आहे.

सांधे बघायला तर काहीच ज्ञान लागत नाही. खुर्चीच्या पाठीला धरून तिरकी हलवा, करकरली तर सोडून द्या. ड्रॉवरच्या कोपऱ्यात दात एकमेकांत गुंतलेले आहेत की नुसत्या पिना मारल्यात ते बघा. खुर्चीचा मागचा पाय जिथे वाकतो तिथे लाकडाच्या रेघा पायाच्या लांबीने जायला हव्यात, आडव्या निघाल्या तर पाय नेमका तिथेच मोडणार.

प्लायवूड असेल तर आयएसआय मार्क आणि आयएस नंबर बघा, आयएस 710 म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. आयएस 303 म्हणजे साधा प्लाय, त्यात एमआर ग्रेड (नुसत्या दमटपणाला टिकणारा) असेल तर तो किचनच्या सिंकखाली चालणार नाही. मार्कजवळचा सीएम/एल नंबर म्हणजे लायसन्स नंबर, तो आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की लायसन्स खरं आहे का ते तिथल्या तिथे समजतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे बिल मागायला लाजू नका, आणि त्यावर 'सागवान, अख्खं लाकूड' किंवा 'पार्टिकल बोर्ड, विनियर' असं स्पष्ट लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं करणारा दुकानदार असेल तर काय ते समजून जा. फसवणूक झालीच तर 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फीसुद्धा नाही, फक्त 2 वर्षांच्या आत जायला हवं.

पण हे सगळं ग्राहकानेच का करायचं? सेलना परवानगी देताना पंचायतींनी आणि पालिकांनी दोन अटी घालाव्यात. प्रत्येक वस्तूवर लाकडाचं किंवा बोर्डाचं नाव लिहिलेलं हवं, आणि विकणाऱ्याचा कायमचा पत्ता व जीएसटी नंबर स्टॉलवर लावलेला हवा. यंदाच्या चवथीआधी एवढं तरी व्हावं.

– एक वाचक, डिचोली