मिस्तरी काका, तुमच्या क्लॅम्प मीटरला नमस्कार

ती. स्व. मिस्तरी काका यांस,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, ती पाळतो. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रिक पॅनलवाल्यांत ज्यांची हयात गेली, ते वाचलं की ओळखतीलच.

फायर स्टेशनचा जनरेटर बदलला, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. १०१ला फोन लागतो, बंब सुटतो, लोकांना तेवढंच दिसतं. पण लाइट गेली की वायरलेसचा बेस सेट, फोन, सायरन, शटरची मोटर, बंबांच्या टाक्या भरणारी बोअर आणि बीए सेटचे, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाचे, सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर, सगळी भिस्त त्या एका धुडावर. पावसाळ्यात तर सगळं एकदमच येतं. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढत असतं, जुन्या नाशकात एखादा वाडा बसतो, झाडं पडतात आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. अशा रात्री आमचा म्हातारा जनरेटर सेल्फ मारून मारून दमायचा. एकानं टॉर्च धरायची, दुसऱ्यानं जम्पर लावायचा, आणि वर्दी आली की ते तसंच टाकून दोघांनी गाडीकडे धावायचं.

नवा घ्यायचं ठरलं तेव्हा जो तो ‘मोठा घ्या’ म्हणत होता. एकानं १२५ केव्हीएचं (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचं माप) कोटेशनही आणून ठेवलं. ओळखीच्या ओळखीतून तुम्ही आलात, चहाला नको म्हणालात आणि थेट मेन बोर्ड उघडून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, लावलात. ‘एकेक चालू करा’ एवढंच बोललात. बोअर, मग कॉम्प्रेसर, मग सगळ्या खोल्यांतले दिवे. रात्रीचा लोड वेगळा असतो म्हणून रात्री पुन्हा आलात. हिशेब ४० केव्हीएवर आला. एवढा लहान? आमच्या साहेबांनाही पटेना. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते आता आम्ही इतरांना ऐकवतो: डिझेल इंजिन क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चाललं की डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमध्ये ओली काजळी साचते आणि मशीन वयाआधीच म्हातारं होतं. १२५ घेतला असता तर त्याचं हेच झालं असतं. खरी अडचण मोटरी सुरू होतानाची. थेट सुरू केलेली मोटर त्या क्षणी पाच-सहापट करंट ओढते. म्हणून कॉम्प्रेसरला सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर बसवायला लावलात आणि बोअर व कॉम्प्रेसर एकदम सुरू करायचे नाहीत, अशी पाटी स्वतःच्या हातानं लिहिलीत. अक्षर काही खास नाही, पण आज्ञा सगळे पाळतात.

मोठा उपकार मात्र वेगळाच. जनरेटरवर असताना आमचे वायरलेसचे चार्जर जळायचे, महावितरणच्या लाइनवर काही व्हायचं नाही. त्यामुळे खापर जनरेटरवरच फुटायचं. तुम्ही चेंजओव्हरचं, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचचं, झाकण काढलंत आणि आम्हाला टॉर्च धरून आत बघायला लावलंत. जनरेटरच्या बाजूची न्यूट्रलची लिंक जळून काळीठिक्कर पडली होती, बोटानं हलत होती. न्यूट्रल असा सुटला की तीन फेजचा तोल जातो, एका फेजवर २३०च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज चढतं आणि त्यावर जे असेल ते जळतं. ‘जुना आहे म्हणून सगळं त्याच्या माथी मारू नका,’ असं म्हणालात. नवा आणून त्याच चेंजओव्हरला जोडला असता तर नव्यानंही चार्जर जाळले असते, आणि आम्ही पुरवठादाराशी भांडत बसलो असतो.

बाकीचं भराभर झालं. कोणीतरी स्वस्तातला सेकंडहँड सुचवला होता, तो तुम्ही बघायलाही गेला नाहीत. १ जुलै २०२३पासून जनरेटरच्या धुरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४ प्लस निकष लागू आहेत, आता घ्यायचा तर त्यातलाच, हे एका वाक्यात सांगून मोकळे झालात. अर्थिंगचे खड्डे नवे खणून घेतलेत, बॉडीचे दोन आणि न्यूट्रलचे दोन. धुराड्याची उंची कॅलेंडरच्या पाठीमागे काढलीत: केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२, म्हणजे इमारतीच्या वर सव्वा मीटर. शेजारच्या काकूंच्या वाळवणाला आता धूर लागत नाही.

आणि तो नारळ! पूजेचं ताट तयार होतं, साहेब आले होते, आणि तुम्ही म्हणालात, आधी मेन पाडा. मेन पाडला. वायरलेस यूपीएसवर बोलत राहिला, लाइट गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या एएमएफ पॅनलमधून खट्ट आवाज आला, इंजिन उठलं, दहा सेकंदांच्या आत दिवे आले. मग बोअर सुरू केली, मग कॉम्प्रेसर. मीटरचा काटा जरासा दबला आणि सावरला. त्यानंतरच नारळ फुटला. माझं तर मत आहे, सरकारी खरेदीत हाच क्रम सक्तीचा करावा.

आठवड्याची टेस्ट तुम्ही सांगितल्याप्रमाणेच होते, रिकामी नाही, बोअर लावून. नोंदवहीत डिझेल, बॅटरीचं व्होल्टेज आणि तास लिहितो. पैशांचं तुम्ही काही घेतलं नाहीत, त्यावर इथे वाद घालत नाही.

एक काम मात्र आहे. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पर्वण्यांना बाहेरची कुमक येईल, केंद्रात माणसं, दिवे, चार्जर सगळंच वाढेल. त्याआधी एकदा मीटर घेऊन या. या वेळी चहा नाकारायचा नाही.

आपला,
केंद्रावरचा एक फायरमन, सगळ्या पाळ्यांच्या वतीने
नाशिक