चांद दिसला की एसटी सुटावी : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सलाम आणि नमस्कार.

मी दाभोळ खाडीकाठच्या एका गावची, पोटासाठी मुंबईत राहणारी. चाकरमानी म्हटलं की आपल्या खात्याला गणपती आठवतात, आणि ते योग्यच आहे. गणपतीला एसटी कोकणात हजारो जादा गाड्या सोडते, वाडीच्या वाडी गट आरक्षण करून निघते, आषाढीला सगळा महाराष्ट्र पंढरपुरी नेऊन परत आणते. एवढा पसारा सांभाळणाऱ्या खात्याकडे मी रमजान ईदसाठी थोडंसं मागणार आहे. मागणं लहान आहे, घोळ आहे तो वर आभाळात.

दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातल्या मुसलमान गावांची निम्मी माणसं मुंबई, मुंब्रा, पनवेल नाहीतर आखातात असतात. एरवी घरात म्हातारी माणसं आणि कुलपं. ईदला मात्र घर माणसांनी भरायला हवं. मोहम्मद अली रोडला रमजानात काय रोषणाई असते ते आपण पाहिलं असेलच, मीही दरवर्षी मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा खाते. पण ईद मुंबईत करायची म्हणजे नमाज झाली, शीरखुर्मा प्यायलो, दुपारी झोपलो. गावची ईद तशी आटपत नाही.

चांद दिसल्याची हाक आली की घरात एकाच वेळी चार कामं सुरू होतात. एकीकडे खारका, बदाम, चारोळी भिजत पडतात, दुसरीकडे कुणीतरी नारळ खवायला बसतं. पोरी मेंदीचे हात वर धरून फिरतात आणि म्हणून कुठल्याच कामाच्या राहत नाहीत. फितऱ्याचा, म्हणजे ईदच्या दानाचा, हिशेब माणशी होतो, घरातल्या तान्ह्या बाळाचाही धरून, आणि तो नमाजेआधी गरजूंच्या हाती पडायला हवा, म्हणजे त्यांच्याही चुलीवर ईद शिजते. सांदणाचं पीठ हा तर वेगळाच ताप. तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात भिजवून रात्रभर आंबवायचं, सकाळी वाफवायचं. चांद दिसेल या भरवशावर ते आधी भिजवलं आणि चांद दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते आंबट होतं. चांद दिसेपर्यंत थांबलं तर झोप होत नाही. आमच्या अम्मा चाळीस वर्षं झोपेवरच पाणी सोडत आल्या आहेत.

सकाळी पुरुषमाणसं इदगाहवरून आली, गळाभेटी झाल्या की ईदीसाठी पोरांची रांग लागते. शेजारच्या कुणबीवाडीतले लोक दहाच्या सुमारास येतात, कारण नऊला आले तर शीरखुर्मा अजून दाट झालेला नसतो हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे. 2025 साली 30 मार्चला पाडवा होता आणि 31 ला ईद. त्या वर्षी माझ्या भाच्यांनी नवे कुडते घातले आणि वर गळ्यात शेजारच्या घरची साखरगाठी, ती चघळून चघळून नमाजेच्या आधीच कुडते चिकट.

आता अडचण. ईद 29 रोज्यांची की 30 ची, हे 29 व्या रोज्याच्या संध्याकाळी ठरतं. 2023 साली 29 रोजे झाले आणि 22 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी ईद आली. 2024 ला 29 व्या संध्याकाळी चांद दिसला नाही, तीस रोजे पुरे झाले, ईद 11 एप्रिलला. 2025 ला पुन्हा 29. आखातातला भाऊ बहुतेक वेळा एक दिवस आधीच ईद करून मोकळा होतो आणि फोनवर आम्हाला चिडवतो. तारीख गणिताने आधीच बांधून टाका असं सांगणारेही आहेत. त्या वादात मी पडत नाही. गच्चीवर सगळ्या शेजाऱ्यांनी पश्चिमेकडे माना वर करून उभं राहण्यात जी मजा आहे, ती कॅलेंडरवरचा लाल आकडा देणार नाही एवढं मात्र मला वाटतं.

तर, 29 व्या रोज्याला आम्ही ऑफिसात असतो. संध्याकाळी सात-आठला निर्णय कळतो. ईद उद्या असेल तर त्याच रात्री गाडी हवी. मुंबईहून दापोलीला सहा-सात तास, माणगावला रांग लागली नाही तर. दहाला निघालेला माणूस पहाटे पोचतो, आंघोळ करून इदगाह गाठतो. ईद परवा असेल तर आमच्यातल्या पुष्कळांना आणखी एक दिवस कामावर जायचं असतं. म्हणून आज लोक काय करतात? कुणी दोन्ही रात्रींचं तिकीट काढतो आणि एक रद्द करून पैसे कापून घेतो, कुणी चांदरातीला, म्हणजे चांद दिसलेल्या रात्री, पनवेलच्या पुलाखाली उभा राहून खासगी गाडीवाला मागेल तो आकडा देतो. आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत तो मुंबईतच राहतो. त्याची आई गावाला दोन माणसांपुरतं सांदण लावते.

माझी विनंती अशी. रमजानच्या 29 आणि 30 या दोन्ही संध्याकाळी मुंबई सेंट्रल, कुर्ला नेहरूनगर, ठाणे आणि पनवेल इथे कोकणासाठी काही जादा गाड्या तयार ठेवाव्यात. चांद दिसला की सुटाव्यात, नाही दिसला तर दुसऱ्या रात्री. त्या गाडीचं तिकीट एकच असावं आणि ते ज्या रात्री चांदरात होईल त्या रात्री चालावं, रद्द करणं नको, कपात नको. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास ज्या खात्याने सुरू करून चालवून दाखवला, त्याला तिकिटावर दोन तारखा छापणं जड जाऊ नये.

तारीख हलवणं सरकारला नवं आहे असंही नाही. 2024 साली अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला होती, ईद-ए-मिलाद 16 ला. जुलूस आणि विसर्जन एकावर एक येऊ नयेत म्हणून मुस्लिम समाजाने जुलूस पुढे नेला आणि सरकारने मुंबईची सुट्टी 18 तारखेला केली. 2025 लाही तसंच झालं, 5 सप्टेंबरची सुट्टी 8 ला गेली. तिथे माणसांनी ठरवलं म्हणून तारीख सरकली, इथे चांद सरकवतो. कागदावरचं काम तेवढंच.

दुसरं म्हणजे गावातल्या फेऱ्या. ईदची सुट्टी म्हणून शाळेच्या वेळची गाडी बंद, आणि नेमकी त्याच दिवशी सगळ्यांना बहिणीच्या, मावशीच्या, सासरच्या गावाला जायचं असतं. ईद आणि बासी ईद (ईदचा दुसरा दिवस) हे दोन दिवस खाडीकाठच्या गावांना आगाराने रविवारचं वेळापत्रक लावू नये. गाडी रिकामी धावेल ही भीती नको. उभं राहायला जागा मिळणार नाही, आणि कंडक्टरला प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी शीरखुर्म्याचा पेला पुढे करेल. (नाही म्हणायची सोय नाही, आधीच सांगून ठेवते.) बासी ईदच्या रात्री परतीच्याही गाड्या हव्यात, दुसऱ्या दिवशी हजेरी लागते.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. 2027 ला ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल, 2028 ला फेब्रुवारीअखेर, म्हणजे थेट दहावी-बारावीच्या परीक्षांत. त्याबद्दल शिक्षणमंत्र्यांना वेगळं लिहिते आहे, आपल्याला त्यात ओढत नाही.

कळावे,
आपली,
खाडीकाठची एक चाकरमानी

ता. क. : चांदरातीच्या गाड्यांवर ड्युटी कुणाची, हा प्रश्न आगारात निघेलच. आमच्या गावचा एक चालक गणपतीत आपल्या हिंदू सहकाऱ्यांच्या फेऱ्या घेतो आणि ईदला ते त्याच्या घेतात. हे आजवर तोंडी चालत आलं आहे, आणि वेळापत्रक बनवणाऱ्याची मर्जी असेल तरच जमतं. जादा गाड्यांचा आदेश काढाल तेव्हा या अदलाबदलीला परवानगी असल्याची एक ओळ त्यात घालावी.