सुमे, ते फोटो शोधून पाठव

शेफील्ड, सप्टेंबर

प्रिय सुमे,

आधी काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. झालं? आता ऐक. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत, अविनाशचा खांदा थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलाय. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

शेजारच्या आजी एप्रिलमध्ये गेल्या, हे तुला रश्मीने सांगितलंच असेल. मुलाने घर विकलं. नवं जोडपं तरुण आहे, तान्हं मूल, दोन गाड्या, स्वभावाने अगदी चांगली माणसं. गाड्यांना जागा हवी म्हणून बीचच्या झाडापासून कुंपणापर्यंतचा सगळा पट्टा उकरायचा, खडी दाबायची आणि वर विटा बसवायच्या असं ठरलंय. तोच पट्टा, जिथे तू भर बर्फात माझा चांगला कोट घालून पालथी पडली होतीस. कामाची माणसं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार. नवी शेजारीण मला म्हणाली, ‘तुम्हाला हवी ती झाडं खुशाल घेऊन जा.’

घेऊन जा म्हणे! अगं, जे दिसतच नाही ते नेऊ कसं?

आजींच्या सायक्लमेनपैकी आत्ता तिथे दिसतंय ते फक्त शरदात फुलणारं, हेडेरिफोलियम. ऑगस्टअखेर एक सर पडली आणि सुक्या पाचोळ्यातून नुसत्या फुलांच्या काड्या वर आल्या, पानाचा पत्ता नाही. गुलाबी, मध्येच एखादं पांढरं, पाकळ्या सगळ्या मागे उलटलेल्या. पानं आता मागून येतील, थंडीभर राहतील आणि मे संपता संपता गुडूप होतील. आपल्या शेवळाच्या रानभाजीचाच खाक्या, आधी फूल मग पान. (भाजी मात्र करता येत नाही, विषारी आहे. तुझ्या आईने खाज मारायला दुप्पट काकडं घातली असती तरी नाही.)

ते मी काढीन. फूल दिसतं तिथे खणायचं, फक्त फावडं लांबून घालायचं, कारण याची मुळं कंदाच्या वरून आणि कडेने फुटतात, खालची बाजू तुळतुळीत. परवा हाताने माती बाजूला करून एक बघितला. वीतभर रुंद, चपटा, वरून खवल्यांसारख्या भेगा, आणि फुलांचे देठ आधी मातीखाली आडवे चालत जाऊन मग कुठेतरी वर आलेले. म्हणजे फुलाच्या बरोबर खाली कंद असेलच असंही नाही. आजींच्या मुलाने लहानपणी मुळं बघितली आणि ती बाजू खाली करून कंद उलटे लावले होते. ती गोष्ट आजी त्याच्या सासरच्या माणसांनाही सांगायच्या.

जीव अडकलाय तो दुसऱ्या सायक्लमेनमध्ये, कूममध्ये.

कूम फुलतं जानेवारी ते मार्च. तू पाहिलंस ते तेच. पान गोल, फूल बुटकं, बर्फाखाली दबून राहतं आणि बर्फ वितळला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा ताठ. काळ्या समुद्राच्या काठचं आहे ते, बल्गेरिया, उत्तर तुर्कस्तान, कॉकेशस. थंडीचं त्याला काय कौतुक! नाताळात इथे दुकानोदुकानी मिळतं ते मोठ्या फुलांचं सायक्लमेन, पर्सिकम, एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवराने मरतं. तर हे कूम आत्ता ढाराढूर झोपलंय. कंद लहान, मातीच्याच रंगाचा, बोटभर खोल. आजींच्या बीचखाली नोव्हेंबरच्या आत त्याचं पान मी कधी पाहिलेलं नाही, आणि तोवर वर गाड्या उभ्या असतील. महिनाभर थांबा म्हणून सांगून पाहिलं. कंत्राटदाराची तारीख चुकली तर पुढची थेट वसंतात. त्यांचंही बरोबर आहे.

‘नर्सरीतून नवं आण’ असं लिहू नकोस. चंदेरी पानाचं कूम विकत मिळतं, मला माहीत आहे. पण आजींचा तो वाण बियांपासून केलेला होता. 1977 पासून इथे सायक्लमेन सोसायटी आहे, ती सभासदांना बी वाटते, तिथून आलेलं पहिलं बी. बी भिजवायचं, अंधारात ठेवायचं, पहिल्या वर्षी एका रोपाला एकच पान, फूल बघायला तीनेक वर्षं. त्यातून पुन्हा चंदेरी आईची सगळी पोरं चंदेरी निघत नाहीत. हिरवी निघाली ती आजी कुंपणाकडे टाकायच्या, पुरती चंदेरी निघाली ती बीचखाली. मुलगा शाळेत होता तेव्हापासून हे चाललेलं. शेवटच्या दोन हिवाळ्यांत खाली वाकता येत नव्हतं, तर खिडकीतून काठीने मला दाखवायच्या: ते नव्हे, त्याच्या डावीकडचं.

माझ्या बाजूला काहीच नाही असं नाही. फूल गळलं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि बोंड मातीला टेकवतो. फूल शरदातलं असो की माघातलं, बी पिकतं उन्हाळ्यातच. त्याला गोड चिकट लेप असतो, त्यासाठी मुंग्या ते ओढून नेतात, लेप खातात आणि बी टाकून देतात. त्यामुळे माझ्या पायवाटेच्या फटीत हेडेरिफोलियमची पिल्लावळ आहे. कूमही आलंय, पण साधं हिरवं. मुंग्यांना चंदेरीचं काय!

आता तू हसणार, मला दिसतंय. पन्हाळ्याला कळलावीचा कंद उपटून डब्याच्या पिशवीत घातला होतास तू, आणि ‘जिथे उगवलंय तिथे राहू दे’ म्हणून एस.टी. स्टँडवर तमाशा केला होता मी. कोल्हापूरपर्यंत अबोला. तो कंद तुझ्या होस्टेलच्या खिडकीत कुजला, हे मी अजून विसरलेले नाही. आणि आज फावडं माझ्या हातात. तू म्हणशील, कॉकेशसचं झाड इंग्लंडातल्या बीचखाली ‘उगवलं’ कुठे होतं, लावलंच होतं की. बरोबर आहे. तुझं बरोबर असलं की मला जास्त राग येतो.

बाकीच्या सायक्लमेनचं थोडक्यात. पर्प्युरासेन्स भिंतीजवळ आहे, वर्षभर पान टिकवतं, जुलैत वासाचं फूल देतं, ते काढणं सोपं. रिपॅन्डम एप्रिलचं, तेही झोपलेलं, त्याच्यावर मी पाणी सोडलंय. ते आजींवरही कधी खूश नव्हतं.

तर काम असं. तू त्या फेब्रुवारीत प्रत्येक रोपाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढत होतीस. ‘ही इथेही पट्टी घेऊन आली’ म्हणून मी आणि आजी स्वयंपाकघरात खिदळत होतो. आता तीच पट्टी हवी आहे. माझ्याकडे वरच्या खिडकीतून काढलेला एकच फोटो आहे, बर्फात गुलाबी ठिपके, पण त्यातला बाक नंतर हललाय. न हललेल्या खुणा दोनच, बीचचा बुंधा आणि गटाराचं लोखंडी झाकण. तुझ्या फोटोंत ते झाकण कुठे दिसतंय का बघ. दिसलं तर तिथून मापं घेऊन सुतळीने चौकोन पाडता येतील, झाडं मोजायला तुम्ही आखता त्या क्वाड्राटसारखे. आणि फूटभराच्या चौकोनात बोटांनी चाचपत गेले तर लहान कंद हाताला लागेल, की माती सरळ चाळणीत घेऊ? तू सर्व्हेत हे आयुष्यभर केलंस. सापडलेले कंद आधी कुंडीत ठेवणार आहे, भुंग्याच्या मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळ्या बरोबर यायला नकोत. वर जाळी, खारींसाठी.

तुला एक पाठवू का? नाही पाठवता येत. सायक्लमेनचं सगळं घराणं साइट्सच्या, म्हणजे रानटी झाडाप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, कागदपत्रं लागतात. आणि साताऱ्यात ते जगणार नाही, त्याच्या झोपेच्या ऐन वेळी तुमच्याकडे पाऊस कोसळतो.

चिन्मयच्या मुलाखतीचं काय झालं? तुझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की अजून आयुर्वेदच? माडीवरचे भाडेकरू गेले का? नीट विचारायचंय, पण तारीख डोक्यावर आहे. दिवाळीत फोन करते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे बारीक होऊन येतात. मेल कर, मूळ साइझमध्ये. तुला जमलं नाही तर चिन्मयला सांग, पण या आठवड्यात.

तुझी,
नंदा