घरं मोजलीत, ढाळ कुणी मोजायचा?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतलं नव्या शहरांवरचं पान वाचलं. घरांची टंचाई आहे, जुनी शहरं तुंबली आहेत, तेव्हा नवी वसवा. इथपर्यंत भांडण नाहीच. पण पानभर मनोरे, तलाव, सायकलींचे रस्ते, घरांचे मोठमोठे आकडे, आणि लाखभर माणसांच्या मोरी-संडासाचं पाणी जाणार कुठे याला अर्धं वाक्यही नाही. ‘सर्व नागरी सुविधांसह’ या तीन शब्दांत आपल्या लेखकाने ते उरकलंय.

हिशेब मी मांडतो. वस्ती एक लाख, माणशी रोज १३५ लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे सेकंदाला सरासरी १२५ लिटर. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकाच वेळी, म्हणून सव्वादोन पट धरायचं : २८१ लिटर. त्याला ७०० मिलिमीटर व्यासाची मुख्य वाहिनी आणि हजार मीटरला एक मीटर ढाळ दिला की ती ऐंशी टक्के उंचीपर्यंत भरून चालते. कागदावर चोख.

आता पहिल्या वर्षी राहायला येतात पाच हजार माणसं. त्याच पाइपात सेकंदाला सरासरी सव्वासहा लिटर. तळाशी जेमतेम सात सेंटिमीटर पाणी आणि वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर. सकाळच्या गर्दीतही तो चाळीसच्या आसपासच घुटमळतो. वाळू आणि मैला पुढे ढकलायला दिवसातून एकदा तरी साठचा वेग लागतो. तो मिळाला नाही की गाळ बसतो, कुजतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पाइपाच्या ओल्या छतावरचे जिवाणू त्या वायूचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटचं पांढरं, ओलसर भुसकट होतं. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आत रुततो. पाइप खचतो तो वरून, डोक्यावरचा रस्ता घेऊन. मग चौकशी लागते डांबर टाकणाऱ्याची! आणि चेंबरमध्ये उतरवलेला माणूस याच वायूने जातो, त्याची बातमी आपण आतल्या पानावर तीन ओळींत छापता.

यावर इलाज नाहीत असं नाही. एका मोठ्या पाइपाऐवजी शेजारी-शेजारी दोन टाकण्याची जागा ठेवायची. आधी लहान, वस्ती वाढली की दुसरा. मोठाच टाकायचा तर अंड्याच्या आकाराचा, निमुळतं टोक खाली, म्हणजे थोडं पाणीही उंच राहून वेगाने जातं. काँक्रीटला आतून एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर द्यायचं. शुद्धीकरण केंद्र एकगठ्ठा न बांधता चार भागांत बांधायचं, कारण दहा टक्के मैलापाण्यावर पूर्ण केंद्र चालवलं तर त्यातले मैला खाणारे जिवाणूच उपाशी मरतात. पिण्याच्या पाण्याचंही तेच : मोठ्या व्यासाच्या नळात ते दिवसच्या दिवस पडून राहतं आणि क्लोरीन घरापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात स्वस्त इलाज मात्र कुणालाच नको असतो. वाहिनी टाकतात ती शुद्धीकरण केंद्राकडून वर चढत, म्हणजे सखल भागातून. वस्तीही त्याच टोकाकडून भरत न्यावी, की थोड्या लांबीत जास्त पाणी मिळतं. पण सखल भागातले प्लॉट खपत नाहीत! पहिल्या इमारती उठतात टेकडीकडे, नाही तर हायवेला लागून, आणि केंद्र राहतं पाच किलोमीटर खाली. मधल्या एखाद्या तुकड्याचं भूसंपादन कोर्टात अडकलं की दोनशे मीटरसाठी सबंध लाइन कोरडी. तोवर सेप्टिक टँक, तोवर उपसायला टँकर, आणि ‘तोवर’ची दहा वर्षं होतात. भोगवटा प्रमाणपत्र देताना इमारतीतली लिफ्ट चालते का ते बघतात. चेंबर पुढे कशाला जोडलंय हे बघायला कुणी झाकण उचलत नाही.

रेल्वेबद्दल आपल्या लेखकाने ‘लवकरच’ असं लिहिलंय. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, तिथल्या वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये. इंग्लंडात मिल्टन कीन्स या नव्या शहराची घोषणा १९६७ ची, तिथलं मुख्य स्थानक उघडलं १९८२ मध्ये. ‘लवकरच’ची ही दोन मापं, लेखकाने हवं ते घ्यावं.

जाता जाता नकाशाबद्दल. अर्धं पान खाऊन बसलेल्या त्या रंगीत नकाशावर उत्तर दिशा नाही, मापपट्टी नाही, जमिनीचा चढ-उतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा नाहीत. नदी दाखवली आहे निळ्या रंगात, तीही कुठून कुठे वाहते याचा बाण नाही. शुद्धीकरण केंद्राचा हिरवा चौकोन मात्र टेकडीच्या चिन्हाला टेकवलेला. तो छापताना चुकला असेल तर उद्या दुरुस्ती छापा. आराखड्यातच तिथे असेल, तर सबंध गावाचा मैला वर चढवायला पंप किती, आणि वीज गेल्यावर काय, एवढं आपल्या प्रतिनिधीला संबंधित खात्याकडे विचारायला सांगा.

आपला,
एक निवृत्त ड्रेनेज अभियंता